आवाज जुळत नाही

आमच्या थोरल्या जाऊबाई शाळेत मोठ्या मुलांना गणित शिकवतात. त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यातला. खिडकीखाली रस्ता आणि रस्त्यापलीकडे लोखंडी दरवाजे बनवणारा कारखाना. तिकडे ग्राइंडर सुरू झाला की शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर पुस्तक मिटून "आता मनातल्या मनात वाचा" म्हणायचे आणि खुर्चीत टेकायचे. जाऊबाई टेकायच्या नाहीत. त्या आवाज चढवायच्या. ग्राइंडर वर, तर बाई त्याच्याही वर. कारखान्यातल्या कामगारांना चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ झालंय, असं शाळेत गमतीने म्हणत. मुलांनी बाईंचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण फळ्यावर कुणी भोंग्याचं चित्र काढलं तर त्या ते पुसायच्या आधी नीट बघून घ्यायच्या.

आमचं घर दोन मजली. वर ते नवराबायको, खाली आम्ही आणि सासूबाई. मी कपडे शिवते. मशीन चालू असलं तरी जाऊबाईंनी वरून मारलेली हाक मला ऐकू यायची, आणि सासूबाईंना तर तेवढीच एक हाक ऐकू यायची, बाकी सगळ्यांना त्या "काय?" करायच्या. आमचे थोरले दीर पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. दिवसभर पंपाच्या घरघरीत उभं राहून त्यांना न बोलायची सवयच लागली होती. दोघांच्या वाटचं बोलायचं काम जाऊबाईंकडे होतं. दुकानदार, प्लंबर, नातेवाईक, सगळ्यांशी त्याच.

अशा बाईचा आवाज गेला.

आधी नुसता बसला. परीक्षेच्या दिवसांत बसतोच, म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि शाळेत गेल्या. मग तो घोगरा झाला, मग फाटका झाला. एक दिवस वर्गात समीकरण सोडवता सोडवता मध्येच तुटला. बाई तोंड उघडं ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मुलांना वाटलं, बाई भयंकर चिडल्यात. वर्ग चिडीचूप झाला. तास संपेपर्यंत कुणी हललं नाही आणि बाईही काही बोलल्या नाहीत. दुपारी त्या घरी आल्या, माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि हाताने गळा दाखवला. इतक्या वर्षांत त्यांना शाळेतून लवकर आलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून पडद्यावर आतलं दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या, बोलताना एकमेकींना भेटणाऱ्या. एकीवर पाण्याने भरल्यासारखा फोड आणि समोरच्या पट्टीवर घट्टा.

"सुताराच्या हाताला पडतात ना, तसं आहे हे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही गळ्याने हातोडी चालवलीत. फोड काढायला लागेल. त्यानंतर मी सांगेपर्यंत पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने ताण वाढतो. आणि मग स्वरोपचार. बोलायचं कसं ते गळ्याला परत शिकवायचं. ते नाही केलंत तर वर्षभरात पुन्हा इथेच याल."

शाळेतल्या सगळ्यांचा, मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत, एकत्र आरोग्यविमा होता. त्याचा हप्ता दर महिन्याला पगारातून परस्पर कापला जायचा. जाऊबाईंनी तो कधीच वापरला नव्हता, कारण त्या कधी आजारीच पडल्या नव्हत्या. "कुणाच्या तरी बाळंतपणाला लागत असेल, लागू दे," म्हणायच्या. ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयातल्या खिडकीवर कार्ड दिलं, त्यांनी ते कॉम्प्युटरला दाखवलं, कॉम्प्युटर हो म्हणाला. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी आणलं. आम्ही सगळे खूष. दीर तर म्हणाले, "चांगली सोय आहे की." त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

मग मौन सुरू झालं. भाचीचा एक जुना पांढरा बोर्ड होता, पेनाने लिहून पुसायचा. तो जाऊबाईंनी गळ्यात अडकवला. सुरुवातीला आम्हाला मजा वाटली. पण त्यांचं मन बोलण्याच्या वेगाने पळायचं आणि हात लिहिण्याच्या वेगाने. अर्धं वाक्य लिहून होईपर्यंत समोरचा माणूस विषय बदलून मोकळा. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि चष्मा कुठे ठेवलाय ते जाऊबाईंनाच ठाऊक असायचं. मग त्या लिहायच्या, 'चष्मा खिडकीत', आणि सासूबाई बोर्डाकडे बघत म्हणायच्या, "थांब हं, चष्मा शोधते."

स्वरोपचारांसाठीची मागणी रुग्णालयाने विमा कंपनीला पाठवली होती. मौनाच्या दुसऱ्याच आठवड्यात कंपनीचा मेसेज आला. 'स्वरोपचारांची आपली मागणी नामंजूर. कारण: बोलण्याचे प्रशिक्षण हे वैद्यकीय उपचारात मोडत नाही. शंका असल्यास हेल्पलाइनवर बोला.'

जाऊबाईंनी फोन माझ्यासमोर धरला आणि 'बोला' या शब्दावर बोट आपटलं. दोनदा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या वर्षी कंपनीने नवीन सोय म्हणून सगळ्या शिक्षकांना फोनवर एक वाक्य म्हणायला लावलं होतं. 'माझा आवाज हीच माझी ओळख.' ते म्हणे यंत्रात साठवून ठेवतात, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवायला नको. फोन केला, वाक्य म्हटलं की दार उघडलं. जाऊबाईंनी ते शिक्षक-खोलीत उभं राहून असं खणखणीत म्हटलं होतं, की बाहेर व्हरांड्यातल्या मुलांनी ते पुढे महिनाभर मधल्या सुट्टीत घोकलं.

त्या वाक्यापाशी आमचं घोडं अडलं. हेल्पलाइन लावली की गोड आवाजात यंत्र म्हणायचं, "कृपया आपलं ओळखवाक्य म्हणा." जाऊबाईंनी बोर्डावर लिहिलं, 'तू म्हण.'

"अहो ताई, मी कशी म्हणू? त्यात तुमचा आवाज आहे."

'यंत्र आहे. त्याला काय कळतंय.'

मी म्हटलं. यंत्राला कळलं. "क्षमस्व, आवाज जुळत नाही." जाऊबाईंनी पोटावर हात ठेवून खूण केली, इथून काढ. मी छातीत हवा भरली आणि भोंग्यासारखी ओरडले, "माझा आवाज हीच माझी ओळख!" आतल्या खोलीतून सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. "अगं थोरले, बोलतेस काय! डॉक्टरांनी नको सांगितलंय ना?"

सासूबाई फसल्या, यंत्र फसलं नाही. तिसऱ्या खेपेला ते म्हणालं, "सुरक्षेच्या कारणास्तव आपलं खातं तात्पुरतं बंद करण्यात आलं आहे. ते सुरू करण्यासाठी कार्डधारकाने स्वतःच्या आवाजात ओळख पटवावी. धन्यवाद." जाऊबाईंनी बोर्डावर एक शब्द लिहिला, मग आपण शिक्षिका आहोत हे त्यांना आठवलं असावं, कारण मी वाचायच्या आत तो पुसला.

संध्याकाळी दीर पंपावरून आले. कार्डाच्या मागे आणखी एक नंबर छापलेला होता, त्यावर माणूस बोलतो असं शाळेतल्या कारकुनाने कळवलं होतं. जाऊबाईंनी बोर्ड भरून मुद्दे लिहून त्यांच्यासमोर धरला आणि फोन हातात दिला. दीर उभे राहिले, शर्टाचं बटण लावलं, फोन कानाला लावला.

"हो... हो... तिचा नवरा... हो... बरं... बरं... बरं... धन्यवाद."

फोन ठेवला. बोर्डावरचा एकही मुद्दा निघाला नव्हता. जाऊबाईंनी तो पुसून लिहिलं, 'काय म्हणाले?'

"म्हणाले, पेशंटशीच बोलावं लागेल. मी म्हटलं, तिला बोलता येत नाही."

'मग?'

"मग म्हणाले, बोलता यायला लागलं की फोन करा."

'तुम्ही काय म्हणालात?'

"बरं म्हटलं."

पेनाचं टोक बोर्डावर चिरडलं. 'बोलता यावं म्हणूनच उपचार हवेत ना!' ही ओळ त्यांनी एवढी मोठी लिहिली, की 'ना'ला जागा उरली नाही, तो बोर्डाच्या चौकटीवर गेला.

"मला कशाला दाखवतेस?" दीर बापडे म्हणाले. "मला माहीतच आहे."

'हे त्यांना म्हणायचं होतं!'

"हां," दीर विचार करून म्हणाले. "ते सुचलं नाही."

एरवी अशा वेळी गल्लीच्या टोकापर्यंत कळलं असतं. त्या दिवशी जाऊबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी परत धुतली. ती आदळआपट ऐकून मला त्यांची दया आली आणि भांड्यांचीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साडीला पिन लावली, बोर्ड गळ्यात घातला आणि मला खूण केली. आम्ही शाळा-कर्मचाऱ्यांच्या सवलतींच्या कार्यालयात गेलो. तिथे मोठं दालन, ओळीने खुर्च्या, समोर काचेच्या खिडक्या. काचेला गोल भोक, पण ते अशा उंचीवर की बोलायचं तर वाकावं लागतं आणि ऐकायचं तर कान लावावा लागतो. आमचा नंबर लागला. जाऊबाईंनी बोर्ड काचेला टेकवला. 'घशाचं ऑपरेशन झालंय. बोलायला मनाई. खातं बंद पडलंय.'

आतल्या कारकुनाने ते वाचलं. चेहरा कनवाळू झाला. मग तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि भोकापाशी तोंड आणून ओरडला, "बाई! ओळखपत्र! आणलंय! का!"

सगळं दालन आमच्याकडे बघायला लागलं. जाऊबाईंनी शांतपणे लिहिलं, 'मला ऐकू येतं.'

त्याने मान डोलावली. खाली बसला. ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ओळखपत्र दाखवा', आणि काचेखालून सरकवला.

मला हसू आवरेना. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते आवरलं. मी वाकून म्हटलं, "अहो भाऊ, त्यांना ऐकू येतं. नुसतं बोलता येत नाही."

"हो का? बरं झालं सांगितलंत," तो मला म्हणाला. "मग त्यांना विचारा, ओळखपत्र आणलंय का?"

ओळखपत्र आणलं होतं. खातं सुरू झालं. एवढं काम मात्र त्याने चटकन केलं, खोटं कशाला बोलू. पण स्वरोपचारांचं नाव काढताच त्याने हात वर केले. "हे बघा, शिकवून घसा बिघडला म्हणजे कामामुळे झालेला आजार. तो विमा कंपनी बघत नाही. तो शिक्षण विभाग बघतो. तिकडची शेवटची खिडकी."

शेवटच्या खिडकीत एक मध्यमवयीन बाई होत्या. त्या ओरडल्या नाहीत, हळू बोलल्या, बसायला खुर्चीही बाहेर पाठवली. एक छापील पुस्तिका उघडून त्यांनी बोट फिरवलं. खडूच्या भुकटीने होणारा दमा होता. प्रयोगशाळेत ॲसिडने भाजणं होतं. शाळेच्या जिन्यावरून पडणं होतं. खेळाच्या मैदानावरची दुखापत होती.

"घसा नाही हो यात," त्या खरोखर वाईट वाटून म्हणाल्या.

"पण शिक्षकाचा घसाच जाणार ना?" मी म्हटलं.

"त्याचं असं आहे, बोलणं हा शिक्षकाच्या कामातला धोका धरलेला नाही. ते त्यांचं कामच आहे."

जाऊबाईंनी पेनाचं टोपण काढलं. लावलं. परत काढलं. लिहिण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. खिडकीतल्या बाईंनाही ते जाणवलं असावं. त्यांनी इकडेतिकडे बघून सांगितलं, "अपील समिती आहे. तिथे अर्ज करा. वेळ लागेल, पण करा."

बाहेर पायऱ्यांशेजारी एक बाक होतं. जाऊबाई त्यावर बसल्या. मला वाटलं, दमल्या असतील, पाणी आणावं. मी पाणी घेऊन आले तर बोर्डावर लिहिलेलं होतं, 'लहानपणी आई म्हणायची, पोरीच्या जातीला एवढा मोठा आवाज शोभत नाही.' मी वाचलं. त्यांनी पुसलं. मग लिहिलं, 'मुलाखतीत साहेबांनी फक्त आवाज ऐकून नोकरीवर घेतलं होतं मला.' तेही पुसलं. तिसरं काहीतरी लिहायला गेल्या, पण हात थांबला आणि त्या बोर्डाच्या आड तोंड लपवून रडल्या. रडतानासुद्धा आवाज येऊ नये म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले होते. मी पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मी त्यांना घाबरत आले होते, त्यांचा राग राग केला होता, त्यांच्या पाठीमागे नकलाही केल्या होत्या. पण त्यांच्या शेजारी अशी कधी बसले नव्हते.

मौन सुटलं तेव्हा पहिला शब्द काय निघतो म्हणून आम्ही सगळे जमलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडंसंच बोला, सहज बोला. जाऊबाई म्हणाल्या, "चहा." इतका बारीक, इतका परका आवाज, की सासूबाईंना ऐकूच गेला नाही आणि आम्ही बाकीचे एकमेकांकडे बघायला लागलो. जाऊबाईंनी आमचे चेहरे पाहिले. त्या दिवशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत, मनाई नसूनही.

स्वरोपचार करणाऱ्या एका बाईंकडे त्या एकदाच गेल्या, कारण पुढचे पैसे कोण देणार हे ठरत नव्हतं. बरोबर दीर गेले होते. तिथे जे जे दाखवलं ते दिरांनी पंपाचं काम शिकावं तसं लक्ष देऊन पाहिलं. पेल्यात अर्धं पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि नळीतून 'ऊ' असा सूर काढत बुडबुडे आणायचे. सूर सरळ राहिला पाहिजे, बुडबुडे सारखे यायला हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला वर गेले तर दोघं टेबलाशी समोरासमोर, दोघांच्या तोंडात नळ्या, दोघांच्या पेल्यात बुडबुडे.

"भाऊजी, तुम्ही पण?"

दिरांनी नळी काढली. "एकटीला कंटाळा येतो." आणि परत लावली.

त्यांचे बुडबुडे अगदी सारखे यायचे. जाऊबाईंचे मध्येच फुटायचे, मग त्या चिडायच्या, आणि चिडल्या की आणखी फुटायचे. दीर बोटाने पेला दाखवून खूण करायचे, हळू. त्या घरात कुणी जाऊबाईंना 'हळू' म्हणेल आणि त्या ऐकतील, हे बघायला लोक तिकीट काढून आले असते.

अपिलाची तारीख आली तोवर जाऊबाई शाळेत परत रुजू झाल्या होत्या. मुख्याध्यापकांनी तास कमी करायला नकार दिला होता. "बाई, मी तरी काय करू? माणूस द्या म्हणून मीच वर लिहून लिहून थकलोय." मग बाईंनी फळ्यावर जास्त लिहायला आणि तोंडाने कमी शिकवायला सुरुवात केली. पोरं आधी चेकाळली. भोंगा बिघडला म्हणून खिदळली. ग्राइंडर सुरू झाला की बाई हात खाली करून थांबायच्या, आणि तो थांबेपर्यंत त्यांचा जीव घुसमटलेला सगळ्या वर्गाला दिसायचा, असं त्यांच्याच वर्गातल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने मला सांगितलं.

समितीची नोटीस वाचून जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. 'तक्रारदाराने आपले म्हणणे समितीसमोर स्वतः तोंडी मांडावे. प्रतिनिधी चालणार नाही.'

"हे लोक मुद्दाम करतात का गं?" त्यांनी मला विचारलं, त्या नव्या बारीक आवाजात.

"नाही हो ताई. मुद्दाम करायला डोकं लावावं लागतं."

समितीत तिघं होते. मधोमध अध्यक्ष, एका बाजूला त्वचारोगाचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीच्या अधिकारी बाई. वर पंखा कुरकुरत होता, खिडकीबाहेर कुणीतरी गाडी चालू ठेवून उभं होतं, डॉक्टर फोनवर काहीतरी चाळत होते. मला दाराशी बसायची परवानगी मिळाली, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. जाऊबाई उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या.

"जरा मोठ्याने," अध्यक्ष म्हणाले.

त्या तेवढ्याच आवाजात बोलत राहिल्या.

"बाई, ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोला."

मला वाटलं, आता या भडकणार, जोर लावणार आणि शिवलेला गळा परत फाडून घेणार. त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. पण जाऊबाई थांबल्या. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग डॉक्टरांच्या हातातल्या फोनकडे, आणि त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. डॉक्टरांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. अधिकारी बाईंनी उठून खिडकी लावली. शेवटी अध्यक्षांनी स्वतः जाऊन पंखा बंद केला आणि जागेवर येऊन हात जुळवून बसले.

"आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचा गुडघा," जाऊबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करून दुरुस्त झाला. नंतर त्यांना चालायचं कसं ते परत शिकवलं. याच कार्डावर. त्याला तुम्ही प्रशिक्षण म्हणाला नाहीत. व्यायामोपचार म्हणालात. सरांचा गुडघा शरीरात आहे. मग माझा गळा कुठे आहे?"

डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याशिवाय माणसाला चालता येत नाही ना, बाई."

"आणि मला?"

अधिकारी बाई समोरच्या फाइलमध्ये काहीतरी शोधू लागल्या. जाऊबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "मला अजून सांगायचं आहे," त्या म्हणाल्या, "पण डॉक्टरांनी मला दिवसाला थोडंच बोलायला सांगितलंय, आणि उद्या मला अपूर्णांक शिकवायचे आहेत. तेव्हा तुमच्यावर मी एवढंच खर्च करू शकते." आणि बसल्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जिंकलात ताई!" त्यांनी माझ्याकडे वेड लागलंय का अशा नजरेने पाहिलं. त्यांना तिथल्या लोकांची माझ्यापेक्षा जास्त ओळख झाली होती.

निकाल आला. मंजूर. पण कसा मंजूर! 'विशेष बाब म्हणून, अन्य प्रकरणांत दाखला म्हणून वापरता येणार नाही.' म्हणजे उद्या दुसऱ्या कुणा शिक्षकाचा घसा गेला तर त्याने पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरुवात करायची. जाऊबाई ती ओळ वाचून अशा संतापल्या, की नामंजूर झालं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. शिवाय उपचार फक्त कंपनीच्या यादीतल्या केंद्रात घ्यायचे, आणि आमच्या भागात यादीतलं एकच केंद्र होतं, लहान मुलांच्या उच्चारांचं.

तरी गेल्या. मी पहिल्या दिवशी बरोबर होते. भिंतीवर ससे आणि हत्ती, आणि बसायला गुडघ्याएवढ्या उंचीच्या रंगीत खुर्च्या. जाऊबाई, ज्यांच्यासमोर इन्स्पेक्टर उभे राहून बोलायचे, त्या एका पिवळ्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसल्या. समोर एक चिमुरडी बसली होती. तिने बराच वेळ निरखून विचारलं, "तुला पण 'ल' येत नाही?"

तिला 'र' म्हणायचं होतं.

"मला 'र' येतो," जाऊबाई म्हणाल्या. "बाकीचं सगळं गेलंय."

"येईल हं," ती पोरगी म्हणाली आणि आपली बाहुली त्यांच्या मांडीवर ठेवून आत गेली.

तिथली उपचार करणारी मुलगी तरुण होती, जाऊबाईंच्या विद्यार्थिनीच्या वयाची, आणि तिने अजून मोठ्या माणसाचा गळा हाताळला नव्हता. ते तिने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं. पण ती वाचून यायची, आपल्या शिक्षकांना फोन करून विचारायची, जाऊबाईंच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजायची आणि चुकलं की कडक शब्दांत सांगायची. "बाई, गळा नको, खालून. परत." जाऊबाई मुकाट्याने परत करायच्या. घरी येऊन म्हणायच्या, "पोरगी चांगली आहे. शिस्तीची आहे."

आवाज आला. पूर्वीचा नाही. हा खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत आणि दुपारनंतर थकणारा. हाक वरून खाली येत नाही आता. जाऊबाई जिना उतरून येतात, नाहीतर कठड्यावर चमचा वाजवतात. पोरं खिदळायची थांबली, कारण ऐकलं नाही तर गणित चुकतं आणि बाई दुसऱ्यांदा सांगत नाहीत. काही मुलांना हा आवाज जास्त भीतिदायक वाटतो म्हणे. दुकानदाराशी वाद घालायला दीर जायला लागलेत. 'बरं' म्हणूनच येतात, पण जातात.

आणि मग विभागाकडून एक परिपत्रक आलं. शिक्षकांच्या आरोग्याचा विचार करून वगैरे. मुख्याध्यापकांनी ते सभेत मोठ्याने वाचून दाखवलं. शिक्षकांनी वर्गात सौम्य आवाजात बोलावे. भरपूर पाणी प्यावे. आवाजाचा वापर काटकसरीने करावा. गोंगाटाच्या ठिकाणी शिकवणे टाळावे.

इतिहासाचे सर खुर्चीत खुदकन हसले. खाली कारखान्यात ग्राइंडर चालू होता, त्यामुळे शेवटचं वाक्य मागच्या ओळीतल्यांना ऐकूच गेलं नव्हतं. बालवर्गाच्या बाईंनी हात वर करून काहीतरी विचारलं, त्यांचाही आवाज इतका बसला होता, की मुख्याध्यापक "काय? काय म्हणालात?" करत राहिले. जाऊबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग स्वतः उभ्या राहिल्या.

"सर, वर्गात मुलं किती बसवायची आणि तो कारखाना कधी हलवायचा, तेही लिहिलंय का त्यात?"

मुख्याध्यापकांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "नाही हो बाई. ते दुसऱ्या विभागाकडे येतं."

घंटा झाली. जाऊबाईंनी बालवर्गाच्या बाईंना दंडाला धरून जवळ ओढलं. "शाळा सुटली की माझ्याबरोबर चल," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांकडे आधी, आणि उद्या त्या ऑफिसात. रजा टाकून ठेव. आणि पोटभर खाऊन ये, तिथे वेळ लागतो." मग पट्टी आणि खडू उचलून त्या वरच्या मजल्याचा जिना चढायला लागल्या.